संध्याकाळचे इंद्रधनुष्य कोणत्या बाजूला?

वार्षिकासाठी येणारे साहित्य वाचताना गेली काही वर्षे आम्हाला एक खोड लागली आहे. कोकणातून, किंवा कोकणात मूळ असलेल्या लेखकाकडून काही आले की त्यातला समुद्र आधी शोधायचा. समुद्र असतोच. बहुतेक वेळा तो शेवटी येतो. सगळे बोलून झालेले असते, नायक एकटा किनाऱ्यावर येऊन उभा राहतो, सूर्य बुडत असतो, पाऊस नुकताच थांबलेला असतो आणि समोर समुद्रावर इंद्रधनुष्य उमटते. यंदाच्या टपालात हे इंद्रधनुष्य आम्हाला तीनदा भेटले. दोनदा कथेत, एकदा कवितेत.

आमच्या किनाऱ्यावर असे इंद्रधनुष्य दिसत नाही. दिसूच शकत नाही. इंद्रधनुष्य नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला पडते. ते पाहायचे तर सूर्याकडे पाठ करावी लागते. कोकणाचा समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी सूर्य समुद्रावर असतो, म्हणजे धनुष्य पडायचे ते पूर्वेला, सड्यावर, डोंगरावर, सह्याद्रीच्या अंगाला. नायक समुद्राकडे तोंड करून उभा असेल तर ते त्याच्या पाठीमागे असेल आणि त्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. समुद्रावरचे इंद्रधनुष्य हवे असेल तर सकाळी लवकर उठायला हवे. आमचे नायक सकाळी लवकर उठत नाहीत.

ही चूक आम्ही हसत हसत दाखवतो आहोत, पण तिच्यात आमचाही वाटा आहे. ऐन उमेदीत लिहिलेल्या आमच्या एका कथेच्या शेवटी नेमके हेच इंद्रधनुष्य होते, तेही मावळत्या सूर्याच्या शेजारी. कथेला एका स्पर्धेत बक्षीस मिळाले. परीक्षकांपैकी एक जण किनाऱ्यावरचा होता. त्यालाही काही खटकले नाही. ते खटकले एका तांडेलाला, आणि त्यालाही पुष्कळ वर्षे झाली.

जयगडच्या दक्षिणेला जांभ्याचे कडे थेट पाण्यात उतरतात. तिथल्या एका वस्तीत आम्ही एका दोस्ताच्या घरी उतरलो होतो. श्रावण सरत आला होता. दोस्ताचे चाचा आयुष्यभर होडीवर गेलेले, पुढे डोळे अधू झाले म्हणून घरी बसलेले. संध्याकाळी पडवीत दोस्ताने कौतुकाने आमची कथा वाचून दाखवली. चाचांनी सगळी ऐकून घेतली आणि शेवटी एवढेच विचारले, "मास्तर, ही कमान तुम्ही कुठं बघितलीत?" आम्ही म्हणालो, समुद्रावर. "मगरीबच्या सुमाराला?" हो. ते गप्प राहिले. मग म्हणाले, "आम्हाला ती तिथं कधी दिसली नाही. सकाळी समुद्रावर दिसली की पाऊस येतोय. संध्याकाळी डोंगरावर दिसली की पाऊस गेला. होडी काढायची की नाही, ते त्यावर ठरायचं."

ही अंधश्रद्धा नव्हे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. सकाळच्या उन्हात समुद्रावर धनुष्य दिसले याचा अर्थ पश्चिमेला सर पडते आहे आणि वारा तिला किनाऱ्याकडे आणतो आहे. संध्याकाळी ते डोंगरावर दिसले याचा अर्थ सर आपल्या डोक्यावरून पुढे गेली. चाचांच्या दोन वाक्यांत वाऱ्याची दिशा होती, सूर्याची होती आणि पोटाची काळजीही होती. आमच्या बक्षीसपात्र परिच्छेदात यातले काहीच नव्हते. तिथे रंग होते. तेही आम्ही कॅलेंडरवरून घेतले होते.

त्यानंतर आम्ही जमेल तेव्हा पाहू लागलो, आणि त्या कातळावर पाहण्यासारखे किती आहे ते लक्षात आले. इंद्रधनुष्याला वेळ असते. सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांहून वर चढला की जमिनीवर उभ्या माणसाला पावसातले मुख्य धनुष्य दिसत नाही. म्हणजे ऐन पावसाळ्यात रत्नागिरीच्या बाजूला सकाळी साधारण सव्वानऊ-साडेनऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर. भर दुपारचे इंद्रधनुष्य हाही आपल्या कथांतला एक नेहमीचा पाहुणा आहे, त्याची इथे नुसती नोंद करतो. मुख्य धनुष्याच्या बाहेर कधी दुसरे, फिकट धनुष्य असते. त्यात रंगांचा क्रम उलटा असतो आणि दोहोंच्या मधला आकाशाचा पट्टा आजूबाजूपेक्षा काळसर दिसतो. उधाणाच्या दिवशी लाट कड्यावर फुटते तेव्हा तुषारांतही छोटे धनुष्य उमटून जाते. खाऱ्या पाण्यात प्रकाश थोडा अधिक वाकतो, म्हणून तुषारांतल्या या धनुष्याचा घेर पावसातल्या धनुष्यापेक्षा किंचित लहान असतो. दोन्ही एकाच वेळी दिसली तर त्यांची टोके जुळत नाहीत. हे आम्हाला एकदाच दिसले, आणि तेही कुठेतरी वाचलेले होते म्हणून ओळखता आले.

कड्याच्या टोकावरच्या झाडावर काकणाचे घरटे होते. काकण म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. जोडी वर्षानुवर्षे त्याच घरट्याकडे परत येते, दर वर्षी नव्या काटक्या रचते, आणि घरटे वाढत वाढत एखाद्या मोठ्या भाऱ्याएवढे होते. झाडाखाली समुद्रसापांचे आणि माशांचे सांगाडे पडलेले असतात. ओहोटीला बायका कोयता घेऊन कातळावर कालवे काढायला उतरायच्या तेव्हा काळपट समुद्री बगळा त्यांच्यापासून चार हातांवर निर्धास्त उभा असायचा. पुरुष जवळ गेला की उडायचा. हे आम्हाला दोस्ताच्या दादीने सांगितले. आम्ही पुढे झालो आणि तो खरेच उडाला.

आता मुद्द्यावर येतो. हा अंक वाचणारे कपाळाला आठ्या घालतील हे आम्ही जाणतो. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपल्या साहित्याने काय बोलावे यावर पुष्कळ चर्चा झाली. तलाक, शिक्षण, दारिद्र्य, जमातवाद, १९९२-९३च्या दंगली, रोज नव्याने द्यावी लागणारी निष्ठेची परीक्षा. या यादीत पक्ष्याला जागा नव्हती, आणि ती का नव्हती हेही आम्ही समजू शकतो. घर जळत असताना आकाशातले रंग कोण बघतो? एका ज्येष्ठ मित्राने हाच प्रश्न आम्हाला परिसंवादात भर सभेत विचारला होता. त्या वेळी उत्तर सुचले नाही. आज सुचते ते असे, की घर जळत नव्हते त्या दिवशी तरी आपण काय बघत होतो?

हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. 'लाट' हा त्यांचा कथासंग्रह १९६१चा, 'इंधन' ही कादंबरी १९६५ची. 'इंधन'चा निवेदक अनेक वर्षांनी आपल्या कोकणातल्या गावी परततो आणि गावातल्या माणसांमधली ठिणगी हळूहळू पेटताना पाहतो. माणसांकडे इतक्या निर्दयपणे आणि तितक्याच आपुलकीने पाहणारा डोळा मराठीत विरळा. दलवाईंनी इंद्रधनुष्य का रंगवले नाही असे विचारणे मूर्खपणाचे होईल. त्यांनी जे पाहिले ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, एवढेच त्यांच्याकडून घ्यायचे होते. आपण मात्र त्यांचा विषय घेतला आणि डोळा तिथेच ठेवला. पुढच्या पुष्कळ कथांत गाव म्हणजे वादाचे नेपथ्य झाले. मशीद, मोहल्ला, एसटीचा थांबा आणि मागे पडद्यावर रंगवलेला समुद्र.

या पडद्यामागे आणखी एक कारण आहे. कोकणी मुसलमानाच्या घरात समुद्र ही बघायची वस्तू नव्हती, जायची वाट होती. आजोबा जहाजावर, बाप आफ्रिकेत नाही तर आखातात. किनाऱ्यावर उभे राहायचे ते कुणाला तरी निरोप द्यायला. ज्या पाण्याने माणूस नेला त्याच्याकडे बायका डोळे भरून बघत नाहीत. हे खरे आहे, आणि त्यावर आपल्याकडे चांगल्या कविताही झाल्या आहेत. पण जाणाऱ्याचा समुद्र वेगळा आणि राहणाऱ्याचा वेगळा. दादीचा बगळा राहणाऱ्याच्या समुद्रातला आहे, आणि तो आपल्या साहित्यात अजून यायचा आहे.

मराठीत इतरत्र काय आहे? चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'कोंडुरा'मध्ये (१९६६) वेंगुर्ल्याकडचा खडकाळ समुद्र आहे, पण तो दैवताचा. तो दिसतो त्याहून अधिक ऐकू येतो, आणि त्याच्या गाजेत माणसाची शुद्ध हरपते. तो थोर आहे. तो आपल्याला उसना घेता येणार नाही, आणि काहींनी तो घेतलेला पाहून वाईट वाटते.

गंमत अशी, की त्याच वेंगुर्ल्यासमोर समुद्रात जे खडक आहेत, ज्यांना नकाशात वेंगुर्ला रॉक्स म्हणतात, तिथल्या गुहांतल्या पाकोळ्यांची आणि खडकांवरच्या सुरय पक्ष्यांची पाहणी १९४०च्या आसपास हुमायून अब्दुलअली यांनी केली. या पाकोळ्या लाळेने घरटी चिकटवतात, आणि खाण्यासाठी त्या घरट्यांचा व्यापार होत आला आहे. अब्दुलअली सलीम अलींच्या नात्यातले. आणि सलीम अली (१८९६-१९८७) स्वतः १९३०च्या पावसाळ्यात, जर्मनीहून शिकून आल्यावर नोकरी हातची गेलेली असताना, अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि रोज सुगरण पक्ष्यांची वसाहत निरखत बसले. घरटे नर विणतो. अर्धे विणून थांबतो. मादी येऊन तपासते, पसंत पडले तर आत राहते, मग नर ते पुरे करतो आणि दुसऱ्या मादीसाठी दुसरे विणायला घेतो. हे सलीम अलींनी तिथे नोंदवले आणि पुढच्या वर्षी छापले. बेकारीच्या दिवसांत केलेले काम आहे हे. सुखवस्तू माणसाची करमणूक म्हणून ते बाजूला टाकता येणार नाही. या दोघांची नावे आपल्याकडे येतात ती 'मुसलमानांचे योगदान' अशा तक्त्यांत. त्यांची वाक्ये कुणी वाचत नाही. ती इंग्रजीत आहेत ही अडचण खरी, पण अरबी-फारसीतले वाचायला आपण अनुवादाची वाट बघतोच की.

इथे कुणी बहिणाबाई चौधरींचे नाव घेईल, आणि घ्यायलाच हवे. त्यांच्या प्रसिद्ध कवितेत खोपा विणते ती मादी, आपल्या पिलांसाठी. पक्षिशास्त्राप्रमाणे हे चूक आहे. 'सुगरण' हे मराठी नावच चुकीचे आहे म्हणा ना. मग संध्याकाळच्या इंद्रधनुष्यावर आम्ही एवढे का चिडतो? फरक आहे. बहिणाबाईंनी खोपा पाहिला होता. विहिरीवर लोंबणारा, वाऱ्याने हलणारा. विणकर कोण हे ठरवताना त्यांनी स्वतःच्या घराकडे पाहिले, आणि स्वतःच्या घरात विणणारी कोण हे त्यांना ठाऊक होते. त्यांची चूक त्यांच्या जगण्यातून आली आहे, म्हणून ती कवितेत खरी ठरते. आमची चूक छापखान्यातून आली होती. तपशील चुकला म्हणून कविता पडत नाही. तो कुठून आला याने पडते.

शब्दांचेही पाहू. आपले काही कवी हल्ली 'इंद्रधनुष्य' टाळून 'कौस-ए-कुजह' लिहितात. उर्दूत तो चालतो, कानाला गोडही आहे. पण इंद्र नको म्हणून तो घेतला असेल तर एक गोष्ट लक्षात घ्यावी: कुजह हे इस्लामपूर्व अरबांच्या एका देवतेचे नाव मानले जाते, मेघगर्जनेच्या आणि पावसाच्या. जुन्या अरबी परंपरेतच काहींना ते खटकले होते आणि त्याऐवजी अल्लाहचे धनुष्य म्हणावे असे सुचवले गेले होते. लोकांनी ऐकले नाही. म्हणजे इकडे इंद्राचे धनुष्य, तिकडे कुजहचे. दोन्ही भाषांनी एका जुन्या देवाच्या हातातले धनुष्य काढून घेतले आणि नाव तेवढे ठेवले. आमच्या तांडेल चाचांनी 'कमान' म्हणून हा सगळा वादच संपवला होता.

आणि परंपराच हवी असेल तर ती याहून मोठी आहे. इब्न अल-हैसमने अकराव्या शतकात दृष्टी आणि प्रकाश यांवर जो ग्रंथ लिहिला त्यात जगाला पुढे शेकडो वर्षे पुरेल इतके होते, पण इंद्रधनुष्याचे कोडे त्याला सुटले नव्हते. सुमारे तीनशे वर्षांनी कमालुद्दीन अल-फारिसी त्या ग्रंथावर भाष्य लिहायला बसला. त्याने काचेचा मोठा गोल पाण्याने भरला, अंधाऱ्या खोलीत ठेवला, एका छिद्रातून त्यावर ऊन पाडले. पावसाचा एक थेंब त्याने हातात धरता येईल एवढा मोठा केला. ऊन थेंबात शिरताना वाकते, आत एकदा परततते, बाहेर पडताना पुन्हा वाकते. आत दोनदा परतले तर दुसरे, फिकट धनुष्य. साधारण त्याच काळात जर्मनीत फ्रायबर्गचा थिओडोरिक, अल-फारिसीची काहीही खबर नसताना, त्याच उत्तराशी पोचला. अल-फारिसीच्या ग्रंथाचे नाव 'तनकीह', म्हणजे साफ करणे, दुरुस्त करणे. गुरूचा आदर ठेवून त्याची चूक सुधारणारे हे भाष्य. आपल्याकडे समीक्षेचा अर्थ गौरव किंवा फतवा एवढाच उरला असताना हा तिसरा अर्थ आठवून पाहावा.

कुरआनाच्या सहाव्या सूरहमध्ये जमिनीवर चालणाऱ्या आणि पंखांनी उडणाऱ्या जिवांनाही माणसांसारख्याच उम्मती म्हटले आहे. उम्मत या शब्दावर आपल्या परिसंवादांत किती तास खर्च झाले! त्या सगळ्या चर्चेत काकण आणि पाकोळी कधी आल्या नाहीत. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला, बाणकोटच्या शेजारी, २००२पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पिल्ले वाळूतून वर येतात आणि उजळ क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे चालू लागतात. हे बघायला पुण्या-मुंबईहून माणसे येतात. त्या किनाऱ्यावरच्या, त्या खाडीवरच्या मोहल्ल्यांतून यावर एकही कथा या वार्षिकाकडे आलेली नाही. मागवली नाही, हा आमचा दोष.

यंदाच्या तीन इंद्रधनुष्यांचे पुढे काय झाले तेवढे सांगायचे राहिले. दोन कथाकारांना आम्ही कळवले. एकाने इंद्रधनुष्य काढून टाकले आणि कथा सुधारली. दुसरा रागावला, त्याची कथा या अंकात नाही. तिसरी कविता होती. मुलगा रत्नागिरी जिल्ह्यातला, पत्ता गावचा. संध्याकाळ, पाऊस, झाडे, वाळू, आणि पाण्यावर उमटलेली कमान. ती बघून त्याला बापाची आठवण येते. कविता छोटी आणि बरी होती. आम्ही त्याला दोन पानी पत्र लिहिले, पश्चिम, पूर्व, ४२ अंश सगळे घालून. उसनी दृष्टी, कॅलेंडर हे शब्दही वापरले.

महिन्याने उत्तर आले. त्याने अदबीने लिहिले होते की तो सहा वर्षे दम्मामला कामाला आहे, पत्ता गावचा दिला कारण अंक अम्मीने आधी वाचावा अशी त्याची इच्छा होती. तिकडे पाऊस हिवाळ्यात, तोही मोजका. ड्युटी संपवून तो किनाऱ्यावर गेला असताना सर येऊन गेली, मागे वाळवंटाकडे ऊन होते, आणि समोर पाण्यावर कमान पडली. दम्मामचा समुद्र पूर्वेला आहे.

आम्ही कविता पुन्हा काढून वाचली. तिच्यात कोकणाचे नाव कुठेही नव्हते. माड नव्हते, नुसती 'झाडे' होती, माड आम्ही घातले होते. शेवटी बाप आठवतो तो घरी राहिलेला, पडवीत बसलेला. मुलगा परदेशात आहे हे कवितेतच होते आणि आम्ही ते वाचले नव्हते. कविता या अंकात आली आहे, एकही शब्द न बदलता. त्याने पत्राच्या तळाशी विचारले होते की आमच्या गावी कमान कोणत्या बाजूला पडते, लहानपणी कधी लक्ष दिले नाही. आम्ही कळवले: सकाळी समुद्रावर, संध्याकाळी डोंगरावर.